चेसिसचा तडा आणि अंगणातले वेल्डिंग

पावसाळा संपला की आमच्या श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पट्ट्यात दोन कामे बरोबरच निघतात. घराच्या भिंतींवरचे शेवाळ खरवडायचे आणि गाडी खालून धुवायची. आमच्या घरी गाडी म्हणजे सहा चाकी जुना ट्रक. आमचा धाकटा भाऊ आखातात एका फॅब्रिकेशन यार्डात हेल्पर म्हणून गेला आणि वेल्डर होऊन परतला. आल्यावर त्याने हा ट्रक घेतला. मासळीच्या दिवसांत बर्फाच्या पेट्या, एरवी जांभ्याचा चिरा, अशी त्यावर आमच्या दोन घरांची रोजी चालते.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी गाडीखाली पाइप धरून बसलेल्या भावाने हाक मारली, "आपा, जरा बॅटरी घेऊन ये." मागच्या कमानपाट्यांचा पुढचा हँगर जिथे बसवलेला असतो, तिथे चेसिसच्या खालच्या पट्टीवर गंजाची एक बारीक तांबूस रेघ दिसत होती. बोटाच्या दोन पेरांएवढी. नखाने खरवडली तरी गेली नाही. तो तडा होता.

दुसऱ्या दिवशीचे भाडे ठरलेले होते. ट्रकसाठी मामूंकडून घेतलेले उसने पैसे दरमहा परत करायचे होते. गॅरेजला गाडी द्यायची म्हणजे तीन-चार दिवस खाडा. त्या वेळी "घरात मशीन आहे, हातात हुनर आहे, मग बाहेर पैसे कशाला?" असे म्हणणारे आम्हीच होतो. संध्याकाळी अंगणात वेल्डिंग झाले. वरून काळा रंग मारला. सकाळी गाडी चिरा भरायला गेली आणि आम्ही शाळेत गेलो.

चार महिन्यांनी भाऊ भरलेली गाडी घेऊन साईच्या घाटाकडे निघाला होता. चहाला थांबला तेव्हा त्याला केबिन आणि बॉडी यांच्यामधली फट वेगळी दिसली. एरवी वरून खालपर्यंत सारखी असणारी फट वरच्या बाजूला कमी झाली होती. खाली वाकून पाहिले तर आमच्या वेल्डिंगपासून एका बोटावर नवा तडा. खालची पट्टी ओलांडून तो उभ्या पत्र्यात चढला होता. गाडीच्या मालावर चार मजूर बसले होते. भावाने त्यांना खाली उतरवले आणि गाडी तिथेच उभी केली. अलहम्दुलिल्लाह, कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. पण त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पुढे घाटाचा उतार होता, आणि त्या चार जणांच्या घरी आमच्या शाळेतलीच मुले होती.

ज्या घरांत टेम्पो, ट्रक किंवा पिकअप आहे आणि कोपऱ्यात वेल्डिंगचे छोटे मशीनही आहे, अशी घरे आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. म्हणून आमची चूक आणि त्यातून शिकलेले इथे लिहीत आहोत.

तडा कुठे जातो आणि का?

ट्रकची चेसिस शिडीसारखी असते. दोन्ही बाजूंना लांब 'लाँग मेंबर' आणि त्यांना जोडणारे आडवे 'क्रॉस मेंबर'. लाँग मेंबर म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची पोलादी पट्टी. मध्ये उभा पत्रा आणि वर-खाली वळवलेले दोन काठ. या काठांना मिस्त्री लोक फ्लँज म्हणतात.

गाडी भरली की पुढच्या आणि मागच्या धुरांच्या मधला भाग खाली वाकू पाहतो. तेव्हा वरचा फ्लँज दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मागच्या धुरीच्या पलीकडे, शेपटीकडे, याच्या उलट होते. तिथे वरच्या फ्लँजवर ताण येतो. उभ्या पत्र्याच्या मध्यावर हा ताण सर्वांत कमी असतो. म्हणून उभ्या पत्र्यातल्या तड्यापेक्षा फ्लँजमधला तडा जास्त धोक्याचा.

तडा सहसा मोकळ्या जागी जात नाही. रिव्हेटचे किंवा बोल्टचे भोक, ब्रॅकेटचा कोपरा, जुन्या वेल्डिंगची कड, गंजाने पडलेला खड्डा अशा ठिकाणी तो सुरू होतो. वर्गात आम्ही आता मुलांना हे करून दाखवतो. दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकची पट्टी दोन्ही हातांनी ओढा, ती सहज फाटत नाही. तिच्या कडेला कात्रीने एवढासा काप द्या आणि पुन्हा ओढा, तिथूनच सरळ फाटत जाते. त्याच कापाच्या टोकाशी पंचिंग मशीनने गोल भोक पाडले तर ती फाटायला पुन्हा जोर लागतो. टोकदार जागी ताण साठतो, गोल जागी तो वाटला जातो.

आपल्या भागात त्यात खारे पाणी मिसळते. मासळीच्या पेट्यांतून वितळलेल्या बर्फाचे खारट पाणी फळ्यांच्या फटींतून थेट चेसिसवर टपकते. शिवाय समुद्राची हवा आहेच. पोलाद पातळ होत जाते आणि गंजाचे खड्डे पडतात. अशा गाडीवर मर्यादेपेक्षा जास्त चिरा भरला आणि एक चाक खड्ड्यात, एक वर अशी ती पिळत गेली की तड्याला वाट मिळते. तो एका दिवसात जात नाही. हजारो हिसक्यांनी तो केसाएवढा पुढे सरकत राहतो. फुटलेल्या कडा एकमेकींवर घासतात, आत पाणी शिरते आणि रंगातून तांबूस रेघ बाहेर येते. गाडी धुताना ही रेघ शोधायची असते.

आमचे काय चुकले?

मोडलेली गाडी पाहायला माणगावकडून एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी आधी भावाचे वेल्डिंग पाहिले आणि म्हणाले, "बेटा, हात चांगला आहे. पण तू गेट जोडलेस, चेसिस नाही जोडलीस."

त्यांनी एकेक चूक दाखवली. पहिली, तडा वरवर भरला होता. आतपर्यंत वितळ गेलीच नव्हती. खाली मूळ तडा तसाच होता आणि वर टाक्याचा पापुद्रा.

दुसरी चूक रॉडची. घरोघरी ६०१३ नंबरचा रॉड वापरतात. खिडकी, गेट, शेड यांसाठी तो उत्तम आहे. चेसिसचे पोलाद साध्या अँगल-चॅनेलपेक्षा जास्त ताकदीचे असते. त्याला ७०१८ सारखा कमी हायड्रोजनचा रॉड लागतो. रॉडच्या लेपात ओल असली तर वितळलेल्या धातूत हायड्रोजन शिरतो आणि थंड झाल्यावर आतून बारीक तडे जाऊ शकतात. कोकणातल्या हवेत उघडे पाकीट किती दिवस कोरडे राहणार? असे ओलावलेले रॉड खास भट्टीत ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला तासभर तापवून कोरडे करतात. घरच्या ओव्हनचे हे काम नाही, आणि ज्यात अन्न शिजते त्यात रॉड ठेवूही नयेत.

तिसरी चूक उष्णतेची. टाक्याच्या दोन्ही बाजूंना जो पट्टा लालबुंद होतो, त्यातल्या पोलादाचा स्वभाव बदलतो. आडवा टाका फ्लँजवरून सरळ ओढला की हा कमकुवत पट्टाही आडवाच पडतो, नेमका ताणाच्या वाटेत. नवा तडा टाक्यातून न जाता एका बोटावर का गेला, त्याचे उत्तर यात होते. म्हणूनच गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिका सर्वसाधारणपणे फ्लँजवर वेल्डिंग करू नका, भोक पाडू नका, असे सांगतात.

चौथी चूक सर्वांत मोठी आणि ती भावाची नव्हती, आम्हा सगळ्यांची होती. तडा का गेला, हे आम्ही विचारलेच नाही. हँगरचे दोन रिव्हेट सैल होते, एक पाटा तुटलेला होता, आणि गाडी रोज जादा भरत होती. कारण जागच्या जागी ठेवून आम्ही वर काळा रंग लावला, आणि त्या रंगाने पुढची तांबूस रेघही झाकली.

एका जहाजाची गोष्ट

आपल्या घरांतली कितीतरी माणसे जहाजांवर आणि यार्डात काम करून आली आहेत. त्यांना ही गोष्ट जवळची वाटेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईने शेकडो जहाजे बांधली. वेळ वाचावा म्हणून पत्रे रिव्हेटने न जोडता वेल्डिंगने जोडले. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री ऑरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड येथे 'स्केनेक्टडी' नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे असतानाच मधोमध फाटले. ना वादळ, ना लाटा.

आधी दोष वेल्डिंगवर आणि कामगारांवर गेला. पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या शास्त्रज्ञ बाईंनी अशा तुटलेल्या जहाजांच्या पोलादाचा अभ्यास केला आणि ते पोलाद थंडीत ठिसूळ होते हे दाखवले. काही जहाजांत डेकवरच्या चौकोनी तोंडांच्या कोपऱ्यांतून तडे सुरू झाले होते. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेशी थांबू शकतो. सलग वेल्डिंगच्या जहाजात तो एका पत्र्यातून दुसऱ्यात जात राहतो. ट्रकच्या चेसिसला आजही ठिकठिकाणी रिव्हेट आणि बोल्ट का असतात, हे यावरून लक्षात येईल. जोड घट्ट हवा, पण थोडे लवचीकही राहायला हवे.

मिस्त्रींनी काय केले?

मिस्त्रींनी गाडी गॅरेजला नेली आणि चार दिवस घेतले. शाळा सुटल्यावर आम्ही दोनदा पाहायला गेलो. क्रम असा होता.

पहिल्या दिवशी रॉड पेटवलाच नाही. माल उतरवला होताच, आता चेसिस ठोकळ्यांवर आणि स्टँडवर समपातळीत घेतली. नुसत्या जॅकवर नाही. दोन्ही कर्ण मापून गाडी वाकडी बसली नाही ना, हे पाहिले. वाकलेल्या चेसिसला जोडले तर ती वाकडीच कायम होते.

मग रंग आणि गंज काढून तड्याचे खरे टोक शोधले. लाल पातळ रंग लावून पुसला आणि वर पांढरी पावडर मारली. तड्यात राहिलेला लाल रंग पावडरीवर उमटला. डोळ्यांना दिसत होता त्यापेक्षा तडा पुढे गेलेला होता. त्या टोकाच्या किंचित पुढे पाच-सहा मिलिमीटरचे गोल भोक पाडले. दुधाच्या पिशवीचा धडा तोच.

ग्राइंडरने तडा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आतपर्यंत उघडला. कोरडा रॉड वापरून थर थर भरला, प्रत्येक थराची मळी खरवडली, दुसऱ्या बाजूनेही टाका घेतला. नंतर टाका घासून पत्र्याशी सपाट केला. घासण्याच्या रेघा चेसिसच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या, आडव्या नाहीत. आडवा ओरखडा म्हणजे उद्याचा तडा.

शेवटी आतल्या बाजूने आधाराची पट्टी बसवली. तिची जाडी चेसिसपेक्षा जास्त नव्हती. दोन्ही टोके तिरकी कापली होती, म्हणजे ताकद एकदम न बदलता हळूहळू बदलते. पट्टी उभ्या पत्र्याला बोल्टने कसली. फ्लँजला एकही भोक नाही आणि पट्टीच्या टोकाशी उभा टाका नाही. हँगर नव्याने बसवला, तुटलेला पाटा बदलला. मग रंग.

भाऊ म्हणाला, "चाचा, रॉड चालवायला अर्धा दिवस लागला, बाकी सगळी तयारीच होती." मिस्त्री हसले. "तुला तेवढेच शिकवायचे होते."

घरी काय करावे, काय करू नये

घरचे मशीन बंद करून ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. फाळका, बॉडीचे अँगल, मडगार्डचा पट्टा, घराचे गेट ही कामे शिकलेल्या हाताने घरी खुशाल करावीत. पण लाँग मेंबर, पाट्यांचे हँगर, धुरी, स्टेअरिंगचे भाग, ब्रेकचे भाग आणि चाकाची रिम या गोष्टींना अंगणात रॉड लावू नये. हवा भरलेला टायर रिमवर असताना वेल्डिंग केले तर टायर स्फोटासारखा फुटून माणूस दगावू शकतो. डिझेलची टाकी रिकामी केली म्हणजे सुरक्षित झाली, हाही गैरसमज आहे. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची.

गाडीवर कोणतेही वेल्डिंग करताना आधी बॅटरीच्या दोन्ही वायर काढाव्यात. नव्या गाडीत इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचे कनेक्शनही सोडवून घ्यावे. मशीनचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावा. तो लांब कुठेतरी लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून किंवा पाट्यांतून जातो आणि ते खराब करतो. पाट्याला रॉडचा नुसता चटका लागला तरी तिथून तो पुढे तुटू शकतो. ब्रेकचे नळ आणि वायरिंग बाजूला बांधावे. वाळूची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी असावा. ओल्या अंगणात, ओल्या चपलांनी मशीन चालू करू नये.

आता आयांसाठी एक गोष्ट. आमच्या अंगणात त्या संध्याकाळी भाच्यांनी ठिणग्या पाहायला गर्दी केली होती. रात्री एका भाच्याचे डोळे लाल झाले, पाणी वाहू लागले, आत वाळू गेल्यासारखे वाटू लागले. वेल्डिंगच्या प्रकाशातले अतिनील किरण डोळ्याचा वरचा पडदा भाजतात आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. गॉगल किंवा नुसती काळी काच पुरत नाही. साध्या रॉडच्या कामाला १० किंवा ११ नंबरची वेल्डिंग काच लागते. अशा वेळी बटाट्याच्या चकत्या आणि दुधाचे थेंब यांत वेळ न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. बहुधा एक-दोन दिवसांत बरे वाटते, पण मुलांना आधीच घरात पाठवणे सर्वांत सोपे.

कागद आणि हिशोब

आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपल्या जिल्ह्याचे आरटीओ कार्यालय पेणला आहे. पासिंगच्या आधी चेसिसवर रंगाचा हात मारून रेघा झाकण्याची पद्धत आम्हाला ठाऊक आहे, कारण आम्हीही तेच केले होते. त्या रंगाने फसते ते आपलेच घर. चेसिस नंबर कोरलेल्या जागेजवळ ग्राइंडर किंवा रॉड अजिबात नेऊ नये. मोठी दुरुस्ती झाली तर बिल जपून ठेवावे.

जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये आहेत. २०१८ मध्ये सरकारने दोन धुरांच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. कागदावरचा आकडा वाढला म्हणून आपल्या जुन्या गाडीचे पोलाद जाड झालेले नाही. चार चिऱ्यांचे थर जास्त टाकून महिन्याला जे मिळत होते, ते आमच्या बाबतीत दुरुस्तीच्या एका बिलात परत गेले. मामूंना आम्ही स्वतः जाऊन सांगितले की दोन महिने पैसे देता येणार नाहीत. ते म्हणाले, "हे आधी सांगायला काय हरकत होती? तेव्हाच थांबलो असतो." खरे होते. त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही मशीनऐवजी फोन उचलायला हवा होता.

ट्रक अजून चालतो. भाऊ मासळीच्या प्रत्येक फेरीनंतर गाडी खालून गोड्या पाण्याने धुतो आणि महिन्यातून एकदा, जुम्म्याच्या सकाळी, बॅटरी घेऊन खाली शिरतो. हँगर, रिव्हेट, जुना टाका, केबिन-बॉडीची फट, सगळे पाहतो. आम्ही बाहेर वही घेऊन बसतो आणि तारीख लिहितो. मालावर आता माणसे बसत नाहीत. त्यांच्या जाण्या-येण्याचे रिक्षाचे पैसे भाड्यातच धरलेले असतात.